गाडी हलली की माणूस खरं बोलतंय

हौसाक्का,

तुमच्यावर लिहायला बसलो आणि पहिलंच वाक्य लिहिलं, ‘हौसाक्का म्हणजे निरपेक्ष सेवेचा अखंड वाहणारा झरा.’ पूर्णविराम दिला आणि मागून आवाज आला, “व्हय का?”

मागं कुणी नव्हतं. कपाट होतं, कपाटावर जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे होते. खिडकीतून आपल्या विशेष मुलांच्या केंद्राचं फाटक दिसत होतं आणि फाटकाशेजारी, राखण करत तुम्ही बसायचात ते, रिकामं स्टूल. मी ‘अखंड’ खोडून ‘अविरत’ केलं. पुन्हा “व्हय का?” शेवटी कागद फाडला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. मेलेली माणसं स्वतः बोलत नाहीत, म्हणून तर आमच्यासारख्यांना पगार मिळाला. पण गेले काही दिवस मी एखादा गोंडस शब्द लिहिला की तुम्ही मागं उभ्या असता. हा कागद म्हणूनच थेट तुम्हाला लिहितो आहे. दुसऱ्या कुणाला लिहिलं तर तुम्ही मध्ये बोलणारच.

तुमची शोकसभा झाली. फलकावर तुमचा फोटो होता आणि त्याच्या दुप्पट आकाराचा आपल्या अध्यक्षांचा, त्यामुळे नेमकं कोण गेलं याबद्दल रस्त्यावरून जाणाऱ्यांचा थोडा गोंधळ झाला. तुमच्या नावामागं ‘सेवाव्रती’ लावलं होतं. दोन मिनिटांची शांतता अध्यक्षांनी पाऊण मिनिटात आटोपली. त्यांना पुढं एका उद्घाटनाला जायचं होतं. त्या पाऊण मिनिटात आपली मुलं ओरडत होती, एक टाळ्या वाजवत होता, आणि आया त्यांच्या तोंडावर हात ठेवत होत्या. तुम्ही असता तर म्हणाला असता, “पोरास्नी कशाला गप करायलाईसा? खरं बोलणारी तीच तेवढी हैत हितं.”

ते अभिप्राय पत्रक आठवतं? माझीच कल्पना, निवृत्तीनंतर केंद्राचा कारभार बघायला लागलो तेव्हाची. विशेष मुलांसाठीची कामं सुधारायची असतील तर आधी त्यांच्या घरच्यांना विचारा, असं मी कुठंतरी वाचलं होतं आणि मला ते मनापासून पटलं होतं. मग माझ्यासारखा माणूस जे करतो ते मी केलं. दहा प्रश्न छापले. प्रत्येकापुढं एक ते पाच आकडे, खाली सहीची जागा. मुलांना न्यायला आलेल्या आयांना पत्रकं वाटली आणि समोर पेन घेऊन उभा राहिलो. सगळी पत्रकं भरून आली. थेरपी, पाच. शिक्षिकांचं वागणं, पाच. पिण्याच्या पाण्याची सोय, पाच. अध्यक्ष इतके खूश झाले की एक पत्रक त्यांनी काचेच्या चौकटीत घालून हॉलमध्ये लावलं. वर सोनेरी अक्षरं: ‘पालकांचा विश्वास’.

चौकटीतलं ते पत्रक सरिताचं होतं. चंदगडच्याही पलीकडच्या वाडीतली बाई. तिची मुलगी ईश्वरी, सहा वर्षांची. जन्मापासून पायांचे स्नायू आखडलेले, कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे पाय. डोळे मात्र असे की समोरच्याची लबाडी लगेच ओळखावी.

तुम्ही त्या चौकटीपुढं कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. “पाण्याला पाच? सर, फिल्टर तर दिवाळीपासनं मोडल्याला हाय.” मी म्हटलं, पालक समाधानी असतील. त्या दिवशी दुपारी तुम्ही सरिताची पिशवी उचलून तिच्याबरोबर स्टँडवर गेलात आणि हसत परत आलात.

“सर, तिनं मार्क आपल्याला दिल्यालंच न्हाईत. ती म्हणती, आक्का, माझीच पोर, मी तिला कमी मार्क कशापायी देऊ? नापास करून काडून टाकलं तर?”

मीही हसलो. मग तुमचं हसू थांबलं आणि माझं एकट्याचंच उरलं. पुढच्या आठवड्यात तुम्ही एकेकीला विचारून आलात. निम्म्यांना वाटलं होतं की ही मुलांची परीक्षा आहे. उरलेल्यांना ही आपली परीक्षा आहे हे नीट कळलं होतं. पण आपल्याला नापास केलं तर त्याचा राग मुलांवर निघेल, असा त्यांचा हिशेब होता. पहिल्या भोळ्या, दुसऱ्या शहाण्या. उत्तर दोघींचं एकच. पाचपैकी पाच. चौकट तरीही भिंतीवरच राहिली. पाहुण्यांना तिच्यापुढं उभं करून फोटो काढायला अध्यक्षांना आवडायचं.

तेव्हापासून तुमची ती रीत सुरू झाली. मला तुम्ही ती एकदाच समजावून सांगितलीत, भाजी निवडता निवडता. “सर, फाटकाच्या आत माणूस हात जोडतंय. रिक्षात गप बसतंय. येस्टीत जागा घावली, गाडी हलली, की मग खरं बोलतंय. आता काय उतरून माफी मागाय यायचं नसतंय न्हवं.”

मग रोज दुपारी कुठल्या तरी आईची पिशवी तुमच्या खांद्यावर. गाडी लागेपर्यंत फलाटासमोरच्या बाकावर बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, पोराला बिस्कीट द्यायचं. मग तिला जागा धरून द्यायची आणि खिडकीखाली उभं राहायचं. घंटी वाजली, गाडी हलली, की शेवटच्या अर्ध्या मिनिटात जे यायचं ते खरं. तुम्ही ते लगेच फोनवर बोलून मला पाठवायचात. मी म्हटलं होतं, वहीत लिहून ठेवा. तुम्ही म्हणालात, “लिवाय बसलं की समदं ग्वाड हुतंय. बोलल्यालं खरं ऱ्हातंय.” मी आजवर शब्दांवरच जगलो. माझ्या धंद्यावर इतकी नेमकी टीका दुसऱ्या कुणी केली नाही.

तुमच्याकडं एक विद्या होती, तिचं कौतुक करायचं राहून गेलं. तुम्ही निरोप सांगत नव्हता, त्या माणसासारखं बोलायचात. कुरुंदवाडच्या त्या आजोबांचा निरोप आला तेव्हा मी फोन कानापासून लांब धरला होता. खोकल्यासकट ते आजोबा: “तुमच्या म्याडमनी नातवाला ‘मला पाणी पाहिजे’ शिकीवलं. आवं, आमच्या घरात आसं कोण बोलतंय? त्यो नुसतं ‘पानी’ म्हणाला तर आमी नाचलो आसतो. तुमी त्येला चूक म्हणता. बोलाय लागल्यालं पोर परत मुकं केलंसा!” आपल्या वाचा-उपचाराच्या मॅडम ते ऐकून रडल्या. मग त्यांनी आजोबांना वर्गात बोलावून घेतलं. दोन महिन्यांनी तो मुलगा हॉलभर ऐकू जाईल असा ओरडला, “पानी दे की!” केंद्राच्या इतिहासातलं सर्वांत यशस्वी भाषण मी तेच मानतो.

फिल्टर बदलला. घरी करायच्या व्यायामांचे इंग्रजी कागद गेले, फोटो आले. संडासाच्या दाराची पायरी फोडून उतार केला. हे सगळं त्या खिडकीखालून आलं. वार्षिक अहवालात त्याला मी ‘पालक-संवाद उपक्रम’ म्हटलं आणि त्याबद्दल शाल अध्यक्षांनी घेतली. नारळ तुमच्या हातात आला. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याची चटणी करून आणलीत आणि पहिला घास मला दिलात. “घ्या, तुमचा सत्कार.”

एवढं सगळं कशासाठी, हे मी एकदा विचारलं होतं. तुम्ही फाटकाची कडी पुसत होता. “माझी धाकली भन आशीच हुती. आईनं तिला आठ वरीस कडंवर वागीवलं. ती कशानं हसती, कशानं आकडती, समदं आईला ठावं हुतं. कुणी इचारलंच न्हाय.” एवढंच. मग कडी पुन्हा पुसायला लागलात, ती आधीच स्वच्छ असताना.

आता जे टाळतो आहे ते.

‘सलग तीन वेळा नियोजित वेळी उपस्थित न राहिल्यास सदर वेळ रद्द करून प्रतीक्षायादीतील मुलास देण्यात येईल.’ हा नियम माझा. ‘सदर’ हा शब्दसुद्धा माझा. नियम दुष्ट नव्हता. यादीत खरोखरच मुलं ताटकळत होती आणि फिजिओ मॅडम एकच. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही सरिताचा निरोप पाठवलात, सरिताच्या आवाजात. वाक्याच्या शेवटी वर चढणारा तो तिकडचा हेल, मध्येच श्वास गिळण्याची सवय, सगळं हुबेहूब: “आक्का, वाडीतनं चंदगडला याय वडाप घावलं तर पयली गाडी मिळती. न्हाय घावलं तर दुसरी. घाटात झाड पडलं तर तिसरी. आनि तुमी म्हणता धाला या. धाची येळ घड्याळाची हाय, माझ्या पोरीची न्हाय.”

मी ते ऐकलं. हसूही आलं, इतकं छान वाक्य होतं. आणि केंद्राच्या कार्यकारी समितीसाठी लिहिलं: ‘दूरच्या पालकांकडून वेळेबाबत अधिक लवचिकतेची अपेक्षा व्यक्त झाली.’ समितीनं ते वाचलं, माना डोलावल्या, चहा घेतला. त्यांची चूक नाही. माझ्या वाक्यात घाट नव्हता, झाड नव्हतं, वडापच्या जीपची वाट बघत मुलीला कडेवर घेऊन उभी असलेली बाई नव्हती.

पावसानं पुढच्या तीन आठवड्यांत तीन खाडे पाडले. ईश्वरीचं नाव मी खोडलं. तेव्हा ती उभं राहायच्या लाकडी चौकटीत, पट्टा सोडून, उभी राहायला लागली होती. तुम्ही समोर बसून मोठ्यानं आकडे मोजायचात. शेवटच्या वेळी अकरापर्यंत गेली होती. तुमचा तो ‘अकरा!’ मला माझ्या खोलीत ऐकू आला होता.

“सर, त्या पोरीचं नाव तुमी खोडलं?”

“नियमानं गेलं, हौसाक्का.”

“नियम कुणी केला?”

मी म्हणालो, “तुमचं म्हणणं मी अहवालात घेतलं होतं.”

“माझं? माझं कुटलं, ते तिचं हुतं. आनि घेतलं कुटं? पावडर लावून बसीवलासा त्येला.” मग म्हणालात, “सर, एकडाव जाऊन या. तिच्या दारात बसून इचारा.”

मी म्हणालो, “बघू.”

सात महिने, दर सोमवारी, चहाचा कप टेबलावर ठेवताना तुम्ही विचारलंत, “सर, चंदगडचं काय झालं?” आणि सात महिने मी ‘बघू’ म्हणालो. शेवटच्या शनिवारी मी वार्षिक समारंभाच्या फलकातली एक वेलांटी दुरुस्त करत होतो. तुम्ही सोमवारची वाट न बघता विचारलंत. मी वर न बघता म्हणालो, “हौसाक्का, हे केंद्र तुमच्या कानांवर चालत नाही.”

“न्हाय चालत,” तुम्ही म्हणालात. “तेच तर.”

फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला. तो शेवटचा.

तुम्ही कशा गेलात ते इथं लिहीत नाही. तुमची शेजारीण ते सगळ्यांना सांगते आहे आणि दर वेळी थोडं वाढवून. सोमवारी मी तुमची माफी मागणार होतो, असं लिहायचा मोह होतोय. पण लिहिलं तर तुम्ही लगेच मागून बोलाल. खरं सांगतो. सोमवारी मी ‘बघू’च म्हणणार होतो.

दहाव्यानंतर एक दिवस मी फोन काढला आणि तुमचे निरोप पहिल्यापासून ऐकले. मला तुमचा आवाज ऐकायचा होता. तो त्यात नव्हता. कुरुंदवाडचे आजोबा होते, सरिता होती, लाजत बोलणारी एक नवी आई होती, तावातावानं भांडणारी एक आत्या होती. मागं स्टँडचे भोंगे, फलाटाच्या घोषणा. तुम्ही सगळ्यांना जागा करून दिलीत आणि स्वतः खिडकीखालीच उभ्या राहिलात. प्रत्येक निरोपाच्या शेवटी तेवढं एक वाक्य तुमचं: “ऐकलंसा न्हवं, सर?”

मी ऐकलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी एसटीत बसलो.

काजूला मोहर आला होता. चंदगडहून वडापनं वाडीच्या फाट्यावर उतरलो आणि पुढं चालत. सरिता दारात भांडी घासत होती. मला बघून हात धुतले, पदर सारखा केला, शेजारून खुर्ची मागवली. नवरा गोव्यात कामाला. ईश्वरी दाराशी वाकळेवर पडली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओळखलं की नाही कोण जाणे, पण नजर हलवली नाही.

“कसं चाललंय?” मी विचारलं.

“समदं बरं हाय, सर. तुमचं लई उपकार हैत.”

“ईश्वरी उभी राहते का?”

“ऱ्हाती की.”

वाकळेवरचे पाय एकमेकांवर घट्ट चढले होते. परसात भिंतीला लागून बांबूची एक चौकट होती. ईश्वरीच्या उंचीची, केंद्रातली बघून घरी बांधलेली, छातीशी जुन्या लुगड्याची पट्टी. तिच्यावर कपडे वाळत घातले होते. मी तिकडं बघतोय हे सरितानं बघितलं.

“तितं ऊन चांगलं येतंय,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “नियम चुकला होता. माझी चूक झाली.”

“तुमी मोटी माणसं, सर. तुमचं काय चुकतंय?” आणि चहा पुढं केला. पाचपैकी पाच, हौसाक्का. मी तिच्या दारात बसून विचारलं, तुम्ही सांगितलं होतं तसं, आणि मला पुन्हा तेच पत्रक भरून मिळालं.

परतीला ती फाट्यापर्यंत आली, ईश्वरीला कडेवर घेऊन. सहा वर्षांची मुलगी आता सात वर्षांची झाली होती. सरिता तिला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत चालत होती. “घेऊ का?” म्हटलं तर नको म्हणाली. फाट्यावर दिवसातून एकदाच येणारी संध्याकाळची एसटी आली. मला खिडकीची जागा मिळाली. सरिता खिडकीखाली उभी राहिली, स्टँडवर तुम्ही उभ्या राहायचात तशी. घंटी वाजली. गाडी हलली.

“सर!” ती दोन पावलं गाडीबरोबर चालली. “अकरापातूर गेलती ती! मी घरात बी मोजत हुते, अकरा! आता येक बी न्हाय. आज येवड्या लांब आलासा, तवा नुसता येक फोन केला आसता तर काय झालं आसतं?”

तो आवाज तुमचा होता. तो चढता हेल, ‘अकरा’ म्हणण्याआधी गिळलेला तो श्वास. तुमचा आवाज तिच्या तोंडून आला, की इतके दिवस तिचाच आवाज तुमच्या तोंडून येत होता, हे मला अजून सांगता येत नाही. मागं वळून बघितलं तर धुरळा होता आणि धुरळ्यात ती बाई, मुलीला दुसऱ्या कडेवर घेणारी.

मी गुडघ्यावर वही ठेवून ते जसंच्या तसं लिहिलं. गाडी हलत होती, अक्षर वेडंवाकडं आलं. सुधारलं नाही.

समितीत ते तसंच वाचलं. अध्यक्ष म्हणाले, “भाव पोचले, सर, पण भाषा जरा...” मी म्हणालो, भाषा तीच राहील. मग बराच वेळ कुणी चहाला हात लावला नाही. नियम गेला. लांबून येणाऱ्यांना आता बारानंतरची वेळ, आणि कुणी आलं नाही तर नाव खोडण्याआधी फोन. इतकं साधं होतं. हॉलमधली ती चौकटही मी उतरवली. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला आहे.

सरिताला फोन केला. बुधवारी बाराची वेळ ठेवली आहे, उशीर झाला तरी चालेल, असं सांगितलं. मग ती म्हणाली, “बघू, सर.”

तिला तसं म्हणायचा हक्क आहे. माझ्याकडं सात महिन्यांचे ‘बघू’ जमा आहेत.

दोन बुधवार झाले, सरिता अजून आलेली नाही. चंदगडची गाडी लागायच्या वेळी मी स्टँडवर जातो आणि तुमच्या बाकावर बसतो. पिशवी उचलायला गेलो तर बायका ओशाळून म्हणतात, “ऱ्हाऊ द्या, सर.” खिडकीखाली उभा राहिलो तर म्हणतात, समदं बरं हाय. मी तुम्ही नाही, हे त्यांना कळतं. पण गेल्या बुधवारी कुरुंदवाडची गाडी हलल्यावर ते आजोबा खिडकीतून ओरडले, “त्या बाकड्यावर सावली करा जरा! बाई हुती तवा तिलाबी ऊन लागायचं!” तेवढं एक मिळालं. लिहून घेतलं. तुम्हाला ऊन लागायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

चंदगडची गाडी येते. दार उघडतं. पोती उतरतात, कॉलेजची मुलं उतरतात, म्हातारी माणसं दांडा धरून उतरतात. कडेवर मूल घेतलेली बाई उतरायला वेळ लागतो, म्हणून मी शेवटपर्यंत थांबतो. अशा वेळी मागून हमखास येतं, “सर, चंदगडचं काय झालं?”

मी वळत नाही. ‘बघू’ही म्हणत नाही. गाडीच्या दाराकडं बघत राहतो.